न लिहिलेली हरकत

प्राध्यापक हेमलता माने यांनी आयुष्याची एकतीस वर्षं दोन माणसांची तुलना करण्यात घालवली. पहिला रोमचा सीझर, दुसरा फ्रान्सचा नेपोलियन. दोघेही सेनापती, दोघेही लोकांचे लाडके, आणि दोघांच्याही पायी एकेका प्रजासत्ताकाचं साम्राज्य झालं. ‘साम्य आणि भेद स्पष्ट करा, गुण वीस.’ साताऱ्याच्या कॉलेजात हा प्रश्न त्यांनी इतक्यांदा काढला होता की हुशार मुलं परीक्षेआधी दुसरं काही वाचतच नसत.

भर सणात पुढे आलेला मुकुट सीझरने लोकांदेखत परत केला, नेपोलियनने तो स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवला. सीझर हरलेल्या शत्रूंना माफ करत सुटला, नेपोलियनने सत्तेवर आल्याआल्या पॅरिसातल्या त्र्याहत्तर वर्तमानपत्रांपैकी साठ बंद केली. सीझर स्वतः सम्राट झालाच नाही, ते काम त्याच्या बहिणीच्या नातवाने पुरं केलं, असं लिहिणाऱ्या मुलाला बाई एक गुण जास्त देत. पण ही प्रजासत्ताकं नेमकी कोणत्या दिवशी मेली, याचं समाधानकारक उत्तर खुद्द बाईंपाशीही नव्हतं. निवृत्तीनंतर लिहायला घेतलेलं पुस्तक याच प्रश्नापाशी, सातव्या प्रकरणात, अडून बसलं होतं.

दोन हजार बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात त्यांची जुनी विद्यार्थिनी रेवती शेलार बाईंच्या गावी, वाघेरीला आली ती ‘मागोवा’ घेऊन. रेवती इतिहास शिकता शिकता संगणकाकडे वळली आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत रुजू झाली. मूळची ती वाघेरीचीच, खालच्या वाडीतल्या शेलार गुरुजींची एकुलती एक मुलगी. गुरुजी सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती गावात फारशी येत नसे. या वेळी वडिलांचं घर आवरायचं होतं, आणि बाईंना यंत्र दाखवायचं होतं.

मागोवा दिसायला जेवणाच्या डब्याएवढा होता. तो काय करतो ते रेवतीने बाईंना समजेल अशा बेताने सांगितलं. सभेत दहा माणसं बोलली आणि लिहिणाऱ्याने एकाचं बोलणं गाळलं, तरी त्याची खूण उरलेल्या नऊ जणांच्या बोलण्यात राहते. कुणीतरी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. कुणी कारण नसताना खुलासा करतं. रंगात आलेली चर्चा एकदम विषय सोडून पळते. विणलेल्या स्वेटरचा एक टाका सुटला की शेजारचे टाके ताणतात, तसं हे होतं, आणि मागोवा तो ताण मोजायचा. जगभरच्या न्यायालयांची आणि सभागृहांची, शब्दन् शब्द टिपलेली आणि त्यावरून छाटून केलेली, अशी लाखो जोडकागदपत्रं त्याला वाचायला दिली होती. माणसं काय गाळतात आणि गाळल्यावर मागे काय उरतं, हे तो त्यावरून शिकला होता. गाळलेल्या माणसाचं इतर लिखाण मिळालं तर तो त्याच्या शब्दांत हरवलेलं वाक्य बांधून देई, आणि आपली खात्री शंभरात किती तेही सांगे.

रेवतीने त्याला रोमची पत्रं, भाषणं, शिलालेख आणि फ्रान्सच्या सभागृहांची कार्यवृत्तं वाचायला दिली होती. पडद्यावर दोन रेषा उमटल्या. गाळलेल्या हरकती जसजशा वाढत, तसतशी रेषा वर चढे. दोन्ही रेषा इतिहासातल्या प्रसिद्ध तारखांच्या कितीतरी आधी चढू लागल्या होत्या. सीझरने सैन्यासह नदी ओलांडली नव्हती, नेपोलियनच्या शिपायांनी सभागृहात पाय ठेवला नव्हता, तेव्हाच.

“मग गाळलं कुणी?” हेमलताबाईंनी विचारलं.

लेखनिकांनी, सचिवांनी, चांगल्या अक्षराच्या माणसांनी, असं रेवती म्हणाली. सेनापतीने तोवर काही मागितलंसुद्धा नव्हतं. दोघांमधले सगळे भेद या एका जागी येऊन संपत होते.

हेमलताबाईंना सातवं प्रकरण पुढे सरकताना दिसलं आणि त्यांना चहा गार झाल्याचंही भान राहिलं नाही. पण रेवती शास्त्रज्ञ होती, तिला घाई नव्हती. रोममध्ये खरोखर काय गाळलं ते सांगायला आज कोण जिवंत आहे, तिने विचारलं. यंत्र खरं बोलतं की कल्पनेच्या भराऱ्या मारतं हे पाहायला तिला अशी वही हवी होती जिच्यात काहीच गाळलेलं नाही, आणि तसं छातीठोक सांगणारा माणूस हयात आहे. अशा वहीवर मागोवा गप्प बसला, तर त्याच्यावर भरवसा ठेवता येणार होता.

बाई उठल्या आणि कपाटातून बारा जाड वह्या घेऊन आल्या. वाघेरी पाणीवापर सहकारी संस्थेची इतिवृत्तं होती ती, बारा वर्षांची. एका पानावर खाडाखोड नाही. बाई संस्थेच्या मानद सचिव होत्या आणि त्या वह्यांचा त्यांना पुस्तकापेक्षाही जास्त अभिमान होता.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, कर्नल उदाजी माने. फौजेतून निवृत्त होऊन ते गावी आले त्या वर्षी लागोपाठचा तिसरा दुष्काळ होता. वरची गावं कालव्याची दारं पहारीने उचकटून पाणी पळवत. कर्नलसाहेबांनी गावचे चाळीस माजी सैनिक उभे केले, अडीच महिने कालव्यावर पहारा दिला, आणि शेपटाकडच्या शेवटच्या रानापर्यंत पाणी पोचवलं. तेव्हापासून त्यांच्यासमोर कुणी अर्ज भरला नव्हता. दर वेळी निवड बिनविरोध.

सभेत बाई टिपणं घेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उदाच्या व्हरांड्यात बसून पक्की वही लिहीत. वहिनी गरम थालीपीठ आणून ठेवायची. सभेत कुणी तावातावाने बोललेलं असलं तर ते वहीत घ्यायचं नाही, अशी एक रीत हळूहळू पडून गेली होती. चार माणसांत झालेली बोलाचाली कागदावर कशाला, असं बाईंना मनापासून वाटे. मग प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ एवढं लिहिलं की झालं. याला गाळणं म्हणतात हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, म्हणून तर त्या वह्या एवढ्या बिनघोर आणून दिल्या.

दुसऱ्या दिवशी रेवती वह्या आणि यंत्र घेऊन आली. तिने पडदा बाईंपुढे सरकवला. सात वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेचा ठराव होता. कालव्याचं कुठलंही दार समितीला न विचारता बंद करण्याचा अधिकार अध्यक्षांना देण्यात यावा. सर्वानुमते मंजूर. त्याखाली मागोव्याने एक हरकत बांधली होती आणि खात्री दिली होती शंभरात चौऱ्याण्णव. माणूस ओळखण्यासाठी त्याने वर्तमानपत्रांतली वाचकांची पत्रं धुंडाळली होती, आणि तशी पत्रं वाघेरीत एकच माणूस लिही.

‘मी साहेबांच्या विरोधात नाही. पण दार बंद करायच्या आधी, ज्याचं रान तहानेलं राहणार आहे त्याला विचारावं, एवढंच माझं म्हणणं. आज साहेब चांगले आहेत म्हणून आपण किल्ली देतोय. ती किल्ली उद्या खुर्चीपाशी राहील, माणसापाशी नाही. माझा विरोध समजावा.’

हेमलताबाईंनी ते वाचलं. शाळेच्या सभागृहात, तिसऱ्या रांगेत, पांढरी टोपी काढून हातात धरून उभे असलेले शेलार गुरुजी त्यांना दिसले. जवळजवळ हेच शब्द होते.

“हे बाबांचं बोलणं आहे,” रेवती म्हणाली. “मॅडम, तुम्ही तिथे होतात. बाबा असं बोलले होते?”

त्या ठरावानंतर आठ महिन्यांनी खालच्या वाडीचं दार दुरुस्तीसाठी बंद झालं, ते अकरा आठवडे. एकाहत्तर वर्षांचे गुरुजी भर दुपारी दार पाहायला पायी निघाले आणि कालव्याच्या कडेला कोसळले. सगळ्या गावाला हे माहीत होतं. रेवतीचा जीव या प्रश्नाच्या उत्तरावर टांगलेला आहे, हे मात्र बाईंना तेव्हा माहीत नव्हतं.

“यंत्र चुकलं असेल,” त्या म्हणाल्या.

रेवतीने मान हलवली. मग सगळंच टाकून द्यावं लागेल, रोमही आणि फ्रान्सही, असं ती शांतपणे म्हणाली. खालच्या वाडीतलं घर आवरायला तिला आठवडा लागणार होता. तोवर यंत्र बाईंकडेच राहू दे, म्हणून ती निघून गेली.

पुढचे चार दिवस हेमलताबाई दुपारी जेवून उठल्या की दार लावून मागोव्यापुढे बसत. बारा वह्या, त्रेचाळीस हरकती. यंत्र काही वाचून दाखवत नव्हतं, नुसती अक्षरं पडद्यावर येत. पण कोणाचं म्हणणं ते बाईंना मजकुरावरूनच ओळखू येई, त्यामुळे आवाज आपोआप कानात उमटे. विधवा यमुनाबाई भिसे, जिने दारावरचा पहारेकरी शिव्या देतो म्हणून तक्रार केली होती. दत्तोबा लोहार. वाडी सोडून गेलेले दोघे भाऊ. निम्मी माणसं आता जगात नव्हती. मेलेल्या माणसाने घरात येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसावं आणि सौम्यपणे आपलं म्हणणं पुन्हा मांडावं, असं चार दुपारी चाललं होतं. बाईंना भीती वाटली. लहानपणीही कधी वाटली नव्हती अशी भीती.

चौथ्या दिवशी त्रेचाळीसांपैकी एक हरकत त्यांनी दोनदा वाचली. नऊ वर्षांपूर्वीची होती. अध्यक्षपदाची मुदत दोन वर्षांवरून पाच करू नये, असं कुणीतरी म्हटलं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे त्या स्वतः होत्या. आपण असं म्हटल्याचं त्या पार विसरून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी थालीपीठ खाता खाता त्यांनी स्वतःलाही गाळून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी त्या उदाकडे गेल्या. तो व्हरांड्यात बसून रविवारच्या वार्षिक सभेची विषयपत्रिका पाहत होता. पाचवा विषय होता: कर्नल माने यांना तहहयात अध्यक्ष करणे. सूचना सभासदांचीच होती, उदाने कुणाच्या कानात काही सांगितलं नव्हतं. बाईंनी त्याला गुरुजींची गोष्ट काढून विचारलं. तो चिडला नाही. उदा चिडत नसेच.

“अक्का, वही तू लिहिलीस,” तो म्हणाला. “अमुक गाळ, तमुक ठेव, असं मी तुला कधी एका शब्दाने सांगितलं?”

बाईंनी बारा वर्षं आठवून पाहिली. खरंच, त्याने कधीच सांगितलं नव्हतं.

“गुरुजींचं मलाही वाईट वाटतं. पण दार दुरुस्तीलाच बंद होतं. लोकांना पाणी हवंय, वाद नकोय. तू विचार करत बसू नकोस, तुझं बीपी वाढतं.”

हे तो काळजीनेच म्हणाला. आईवडिलांमागे याच भावाने त्यांना सांभाळलं होतं, ऑपरेशनच्या वेळी नऊ दिवस दवाखान्यात बाकावर झोपला होता. त्याच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे आपल्याच घराला आग लावण्यासारखं होतं. आणि न बोलायचं म्हणजे कोपऱ्यातली खुर्ची जन्मभर भरलेली ठेवायची. बाई परतल्या, आणि शनिवारी सकाळी खालच्या वाडीला गेल्या.

रेवती गुरुजींच्या पुस्तकांना दोरी बांधत होती. बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. यंत्र बरोबर आहे, मी खोटं बोलले. गुरुजी हे बोलले होते.

“फक्त एक वाक्य यंत्राला सापडलं नाही,” त्या म्हणाल्या. “शेवटी ते माझ्याकडे वळून म्हणाले होते, ‘अक्का, एवढं लिवा.’ मी टिपणातसुद्धा लिहिलं नाही.”

रेवतीच्या हातातली दोरी तशीच राहिली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

“दार बंद झालं तेव्हा मी बाबांवर ओरडले होते. म्हटलं, तुम्हीच हात वर करून किल्ली दिलीत. ते म्हणाले, मी विरोध केला होता. तीन वेळा म्हणाले. तिसऱ्या वेळी मी संस्थेतून इतिवृत्ताची नक्कल आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाले, मग माझ्याच डोक्यात काहीतरी झालं असेल. नंतर पंधरा दिवसांनी ते गेले. मॅडम, स्वतःवरचा विश्वास उडालेला माणूस गेला तो.”

हेमलताबाईंनी तिच्या हाताला हात लावायचा प्रयत्न केला. रेवतीने हात मागे घेतला. बाई रडल्या, आणि आपल्याला रडायचा अधिकार नाही हे जाणून लगेच थांबल्या. उद्या सभेत मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, एवढं म्हणून त्या उठल्या. गुरुजींचा हिस्सा रेवतीच्या नावावर झाला होता, म्हणजे तीही सभासद होती. तिने येते म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही.

रविवारी हायस्कूलच्या सभागृहात चारशेच्या वर सभासद जमले. व्यासपीठावर कर्नलसाहेब, त्यांच्या उजव्या हाताला हेमलताबाई, आणि पलीकडे सहसचिव कल्याणी बर्गे. ही हायस्कूलमधली तरुण शिक्षिका, सुंदर अक्षराची. रेवती शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. पहिला विषय नेहमीचा, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. बाई उठल्या आणि म्हणाल्या की त्याआधी मला सात वर्षांपूर्वीच्या इतिवृत्तात दुरुस्ती करायची आहे. गुरुजींची हरकत त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. ती आपण जाणूनबुजून लिहिली नाही, हेही सांगितलं.

आता भाऊ काय करील याची त्यांनी आदल्या दिवसभर कल्पना केली होती. माईक बंद करील, रागावेल, उठून जाईल. उदाने यातलं काहीच केलं नाही. तो उभा राहिला, गुरुजींच्या स्मृतीसाठी सर्वांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं, आणि मग म्हणाला, “अक्कांनी मोठ्या मनाने चूक कबूल केली. गुरुजींचा विरोध जरूर लिहून घ्या. आपल्या संस्थेत कुणाचा आवाज दाबला जात नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुरुस्तीला चारशे हात वर झाले. पाचव्या विषयाला, तहहयात अध्यक्षपदाला, तेच चारशे हात पुन्हा वर झाले.

बाईंनी विरोध नोंदवला. मागून रेवतीचाही आवाज आला. उदाने दोघींकडे प्रेमाने पाहिलं आणि दोन्ही नावं लिहायला परवानगी दिली. या वेळच्या टाळ्या आधीपेक्षा जोरात होत्या. हेमलताबाईंना तिथे, चारशे माणसांसमोर, रोमचा केटो आठवला. सीझर माफ करील या भीतीने त्याने स्वतःचा जीव घेतला होता, कारण माफी घेतली की माफ करण्याचा हक्कही मान्य केल्यासारखं होतं. इतकी वर्षं त्या मुलांना सांगत आल्या की तो निव्वळ हट्ट होता.

मग आयत्या वेळचे विषय निघाले. कर्नलसाहेबांनी माईक हातात घेऊन सांगितलं की अक्कांनी बारा वर्षं संस्थेची निरपेक्ष सेवा केली, आता वयोमानानुसार त्यांना या भारातून मोकळं करणं हे आपलं कर्तव्य आहे. कुणीतरी शाल आणली. उदाने ती स्वतः बहिणीच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, आणि खाली वाकून तिच्या पायाला हात लावला. त्याचे डोळे खरोखरच पाणावले होते. नव्या सचिव म्हणून कल्याणीताईंचं नाव सुचवलं गेलं. मंजूर? चारशे हात.

बाईंचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला, त्या गडबडीत शाल घसरून खाली पडली, आणि त्यांनी हात वर केला.

“माझी हरकत आहे,” त्या म्हणाल्या. “मी राजीनामा दिलेला नाही. कल्याणी, हे लिही.”

आभाराच्या भाषणासाठी माईक पुढे गेला होता, त्यामुळे मागच्या रांगांना काही ऐकू गेलं नाही. कल्याणीला गेलं. तिने पेन उचललं आणि वर पाहिलं. बाईंकडे नाही, उदाकडे.

उदा काही बोलला नाही. त्याने समोरचे कागद नीट सारखे केले आणि कल्याणीकडे पाहून हलकंसं हसला, आपल्या माणसाकडे पाहून हसावं तसं. गुरुजी बोलून खाली बसले तेव्हा तो असाच हसला होता. आणि तो हसेपर्यंत आपण पेन हातात धरून त्याच्याच तोंडाकडे पाहत होतो, हे हेमलताबाईंना आता लख्ख आठवलं. कल्याणीने मान खाली घातली आणि पुढचा विषय लिहायला घेतला.